चौदा नंबरची ओळ

सातव्या प्रश्नाशी वैजयंताचा हात जरा अडला होता, तेवढ्यात हातातला पेनच गेला. "दे व जरा, दोन मिनटं," म्हणत पंचशीलाबाईंनी तो तिच्या बोटांतून काढूनच घेतला, हो-नाही म्हणायचीही वाट पाहिली नाही. मे महिना, चंद्रपूरचं ऊन, आरोग्य केंद्राच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, कोपऱ्यात नुसताच घरघरणारा कूलर आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या चाळीस आशा. नागपूरच्या कुठल्याशा कॉलेजातून आलेल्या पोरीनं सगळ्यांना चार-चार पानांचा फॉर्म वाटला होता. वर लिहिलं होतं, आशा कार्यकर्तींचा थकवा आणि जीवनमान. पोरगी गोड होती. "ताई, खरं तेच लिहा, नाव कुणाला कळणार नाही," असं सारखं सांगत होती. खरं तेच लिहा म्हणे! बारा वर्षं गुलाबी साडी नेसून जे खरं पाहिलं ते लिहायला घेतलं तर चार पानं काय, चार रिमं पुरायची नाहीत. पण सातवा प्रश्न मात्र त्या पोरीनं कुठून शोधून काढला होता कोण जाणे. 'लोकांचं दुखणं पाहून आता मला काही वाटत नाही.' पुढं पाच चौकोन: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमी. 'बरेचदा' आणि 'नेहमी' यांच्या मधल्या रेघेवर पेनाचं टोक टेकलं होतं, आणि पेन गेला. निळ्या टोपणाचा साधा पेन. टोपणावर दातांच्या खुणा होत्या. त्या दिव्यानीच्या दातांच्या होत्या.

पंचशीलाबाई गटप्रवर्तक, म्हणजे या चाळीस जणींच्या वरच्या बाई. आज त्यांच्या काखेत रजिस्टर नव्हतं, पत्रिकांचा गठ्ठा होता. उभ्या उभ्याच त्यांनी एका पत्रिकेवर 'सौ. वैजयंता व परिवार' असं गोल गोल अक्षरात लिहिलं आणि ती तिच्या मांडीवर टाकली. "विक्कीचं जमलं बाई एकदाचं. पोट्टी तुह्याच एरियातली हाय, तुले मालूमच असंन. सगळ्या आधी तूच पाह्यजे बरं हळदीले," असं म्हणून त्या पेनासकट पुढच्या रांगेत गेल्यासुद्धा. परिवार! वैजयंताला हसू आलं. घरात ती एकटी, नवरा देवराव माजरीच्या खाणीवर ठेकेदाराचा टिप्पर चालवतो आणि रविवारी घरी येतो. भिंतीवरच्या फोटोतली पोरगी, दिव्यानी, परिवारात मोजायची का, हे बाईंनाच विचारायला पाहिजे होतं. तिनं पत्रिका उघडली. निळी-पांढरी, गुळगुळीत, अत्तराच्या वासाची. मंगल परिणय. आयुष्मान विक्की, बाईंचा पोरगा. आणि खाली, आयुष्मती साक्षी. तिनं नाव पुन्हा वाचलं, बापाचं नाव वाचलं, आईचं वाचलं. गिरजाबाई. तीच ती. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीतली साक्षी. डोक्यात सण्णकन काहीतरी गेलं आणि कूलरची घरघर ऐकू यायची बंद झाली.

कारण साक्षीचं कार्ड पिवळं होतं. तिच्या शाळेत सिकलसेलची, त्या रक्तातल्या रोगाची, तपासणी झाली तेव्हा पोरगी चौदा वर्षांची होती आणि तिच्या बोटाला सुई वैजयंतानंच टोचली होती. पिवळं कार्ड म्हणजे रोग नाही, रोगाचं बी. माणूस धडधाकट राहतो, शंभर वर्षं जगतो, काही होत नाही. फक्त त्यानं दुसऱ्या पिवळ्या कार्डाशी लग्न करू नये, आणि केलंच तर पोट राहिल्या राहिल्या तपासून घ्यावं. नाहीतर त्यांच्या पोरांत चारातलं एखादं लाल कार्ड, म्हणजे खुद्द रोगच, घेऊन येतं. हे वाक्य वैजयंतानं बारा वर्षांत इतक्या उंबऱ्यांवर म्हटलं होतं की झोपेतसुद्धा तिच्या तोंडून निघायचं. आणि विक्कीचं कार्ड? विक्कीचं कार्डच नव्हतं. का नव्हतं, ते जगात दोघींनाच माहीत होतं. त्यातली एक आत्ता पुढच्या रांगेत दिव्यानीच्या पेनानं पत्रिकांवर नावं लिहीत होती.

अकरा वर्षांमागची गोष्ट. तेव्हा पंचशीलाबाई बाई झाल्या नव्हत्या, नुसती पंचशीला होती, नवी आशा, वैजयंतासारखीच. याच हॉलमध्ये सिकलसेलचं ट्रेनिंग होतं. शिकवणारा लॅबवाला म्हातारा खमक्या होता. म्हणाला, दुसऱ्यांच्या पोरांना टोचण्याआधी आपली पोरं आणा. दुसऱ्या दिवशी वीस जणी आपापली पोरं घेऊन आल्या, नुसती जत्रा झाली. त्यानं एक लांब वही दिली, एकपासून वीसपर्यंत आकडे आधीच टाकलेले. पुढं नाव, वय, निकाल, शेरा. छोट्या शीशीत औषधाची पावडर घातलेलं पाणी, त्यात रक्ताचा एक थेंब, पाच मिनिटं थांबायचं. मग शीशीच्या मागं छापील कागद धरायचा. अक्षरं दिसली तर पोरगं चांगलं. अक्षरं गढूळ पाण्यात बुडाली तर रक्तात सिकल. मग मोठी तपासणी करायची, पिवळं का लाल ते तिथं कळतं. साधी गोष्ट. तेरा नंबरला दिव्यानी होती, सात वर्षांची, दोन वेण्या, बोट पुढं करून डोळे घट्ट मिटलेले. वैजयंतानं शीशीमागं वर्तमानपत्र धरलं आणि तिला एकही अक्षर दिसलं नाही. तिला वाटलं, आपल्याच डोळ्यांना पाणी आलं म्हणून दिसत नसेल. चौदा नंबरला विक्की होता, मिसरूड फुटलेला, हसरा. त्याचीही सुई वैजयंतानंच टोचली, कारण पंचशीला सुई हातातच घेईना. पाच मिनिटं झाली. वर्तमानपत्र धरलं. अक्षरं बुडाली. लॅबवाला चहाला गेला होता. पंचशीलानं शीशी तिच्या हातातून घेतली, खिडकीतून खालच्या नालीत ओतली आणि म्हणाली, "पावडर जुनी होती. लिहू नको." वैजयंताच्या डोक्यात तेव्हा तेरा नंबरशिवाय दुसरं काहीच नव्हतं. तिनं लिहिलं नाही. चौदा नंबरची ओळ कोरी राहिली, पंधरा नंबरवर कोणा दुसरीचा पोरगा आला. ट्रेनिंग संपलं तेव्हा लॅबवाल्यानं ती वही 'सरावाला ठेव' म्हणून वैजयंतालाच दिली होती, आणि ती अजून तिच्या ट्रंकेत होती. दिव्यानीचं मोठ्या तपासणीत लाल निघालं. विक्की जिममध्ये जाऊन बाह्या फुगवत मोठा झाला, म्हणजे पिवळाच. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण कोणा शहाण्यानं पंचशीलाबाईला पाहूनच केली असणार.

हॉलमधून निघाली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. डांबर मऊ झालं होतं, चप्पल चिकटत होती, आणि दूर वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर जागच्या जागी उभा होता. कॉलेजची पोरगी म्हणाली होती, "ताई, फॉर्म राहू द्या, पुढच्या आठवड्यात द्या." तो घडी करून पर्समध्ये होता, सातव्या प्रश्नापर्यंत भरलेला. पेन मागायचा राहिलाच. किंवा मागितला नाही. रुमाल डोक्यावर घेऊन ती चालत होती आणि तिच्या मनात एक गोष्ट हळूहळू पसरत होती, थंड, गोड. काहीच करायचं नाही. नुसतं गप्प बसायचं. बारा वर्षं तोंड चालवणं हाच तिचा धंदा होता. बाई डोस पाजा, बाई गोळ्या खा, बाई दवाखान्यात चला, भाऊ थुंकी तपासा, मावशी कार्ड काढा. ज्या दारात जायचं तिथं दार लोटून घेणारे, कुत्रं सोडणारे, "आली वाटते डोसवाली" म्हणून आतून हसणारे. इतकं बोलून जबडा दुखायचा. रात्री देवराव बोलला तर तिला उत्तर द्यावंसं वाटायचं नाही. आणि आता पहिल्यांदा असं काम समोर आलं होतं की जे न बोलल्यानं होणार होतं. सुंठीवाचून खोकला जाणार होता. लग्न होईल, वरात निघेल, आणि एक-दोन वर्षांत पंचशीलाबाई आपल्या मांडीवर आपलं लाल कार्ड घेऊन बसेल. मग तिला कळेल. मग बोलू देत तिला. भर उन्हात वैजयंताच्या अंगावर काटा आला, आणि तो सुखाचा होता, हे तिला साफ कळलं. तिला त्याची लाज वाटली नाही.

का वाटावी? तीन वर्षांपूर्वीच्या त्या मंगळवारी कोणाला लाज वाटली होती? वरून टीम येणार होती. केंद्रापुढं रांगोळी, स्वागतगीत, आशांनी एका रांगेत उभं राहायचं. दिव्यानी पंधरा वर्षांची होती, दहावीच्या परीक्षेचा नंबर नुकताच आला होता, आणि सकाळपासून तिच्या छातीत दुखत होतं. वैजयंता पंचशीलाबाईंपुढं जाऊन उभी राहिली होती. "बाई, दिव्यानीले बरं नाई. घरी जातो मी." "अवं, तिले तर नेहमीचंच हाय ते. गोळी दे, पाणी पाज. टीम गेली की जा. तुह्यावाचून गाणं कोण म्हणंन?" तिचा आवाज चांगला होता, हाच तिचा गुन्हा. घरी पळत जाऊन तिनं गोळी दिली, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला आणि परत आली. मग बाईंनी सगळ्यांचे फोन एका टोपलीत घेतले. साहेबांपुढं फोन वाजायला नको म्हणून. टीम एकची होती, ती साडेचारला आली. वैजयंता रांगेत उभी राहून गायली. टोपलीतून फोन घेतला तेव्हा त्यावर दिव्यानीचे अकरा कॉल होते. दिव्यानी ऑटोतच गेली, दवाखान्याचं फाटक दिसत असताना, आईच्या मांडीवर डोकं, ओठ जांभळे. आणि तिसऱ्या दिवशी चौकशीचा कागद आला. त्यावर पंचशीलाबाईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'आई स्वतः आशा असूनही रुग्णास दवाखान्यात नेण्यात घरच्यांची दिरंगाई.' महिन्याच्या मीटिंगमध्ये बाईंनी ते सगळ्यांपुढं वाचून दाखवलं, बाकीच्यांना धडा म्हणून. वैजयंताला उभं राहायला लावलं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "सही कर." आणि तिनं केली. हे तिला सगळ्यांत जास्त खुपत होतं. दातओठ खाऊन, कागद फाडून, बाईच्या झिंज्या धरून तिला दोन ठेवून द्यायच्या सोडून तिनं दिव्यानीच्या त्याच निळ्या पेनानं खाली सही केली, नाव, तारीख, सगळं व्यवस्थित.

लग्नाला आठ दिवस होते. त्यातले पाच दिवस वैजयंता गप्प राहिली, आणि ते पाच दिवस तिला अन्न गोड लागलं. रोजची कामं ती पटापटा उरकायची. लोकांनी दार लोटलं तर हसून पुढच्या दारी जायची. तिच्याजवळ काहीतरी होतं जे दुसऱ्या कोणाजवळ नव्हतं. पाचव्या दिवशी ती मुद्दाम टाकीमागच्या गल्लीत गेली. दुसरं काही काम नव्हतं, नुसतं पाहायला गेली. गिरजाबाईच्या ओट्यावर मांडवाच्या बल्ल्या येऊन पडल्या होत्या, घरात बायका गहू निवडत होत्या. गिरजाबाई उठून पुढं आली, तिनं अंबाडीचं सरबत दिलं, शेजारी बसली आणि पदरानं वारा घालत म्हणाली, "वैजूबाई, खरं सांगू का? दुसऱ्या घरची मागणी असती तर मीच म्हटलं असतं, पोराचं कार्ड दाखवा. पण इथी काय पाहाचं? पोराची माय दवाखान्यातली, आमच्याकडून तुम्ही. काही असतं तर तुम्ही सांगतलंच असतं ना? म्हून मी विचारलंच नाई." वैजयंताच्या घशात सरबत अडकलं. ती खोकली. आतून साक्षी धावत आली, हातावर कोपरापर्यंत मेंदी, तिनं कोपरानंच तिची पाठ चोळली. "मावशी, हळू प्या ना." लहानपणी हीच साक्षी दिव्यानीला गणितं शिकवायला यायची. दिव्यानीचं अंग दुखायला लागलं की हिच्याच मांडीवर पाय ठेवून ती पाढे म्हणायची. साक्षी म्हणाली, "दिवू असती तर माही करवली तीच राह्यली असती." वैजयंता म्हणाली, "हो बाई." ग्लास ठेवून उठली आणि चालायला लागली.

त्या दुपारी ती घरी येऊन नुसत्या फरशीवर आडवी झाली आणि मनात पुढचं पाहायला लागली. पाच दिवस तिचा हा रोजचा आनंद होता. बारसं. पंचशीलाबाईच्या मांडीवर नातू. मग आठवा महिना, आणि एक दिवस सकाळी पोराच्या हाताची बोटं सुजलेली, लाल, गुबगुबीत, आणि पोरगं थांबतच नाही रडायचं. बाई म्हणते, किडा चावला असंन. तेल लावते, मीठ-मोहऱ्या ओवाळते. हे सगळं वैजयंताला तोंडपाठ होतं, कारण दिव्यानीचं असंच सुरू झालं होतं, आणि तीही किडाच म्हणाली होती. पण आज काहीतरी बिघडलं. ती जितकं पाहायला जाई तितकं ते पोरगं पंचशीलाबाईच्या मांडीवर बसायला तयारच होईना. त्याला चेहराच येईना. आणि आला तेव्हा तो दिव्यानीचा आला. दोन वेण्या, बोट पुढं करून डोळे मिटलेले. वैजयंतानं कूस बदलली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तेच. तिला दुसऱ्या कोणाचं दुखणारं लेकरूच माहीत नव्हतं. म्हणजे जे दुखणं ती बाईच्या घरी धाडायला निघाली होती ते पुन्हा तिच्याच पोरीच्या अंगावर जाणार होतं. पुन्हा ते जांभळे ओठ, पुन्हा ते फाटक. ती उठून बसली आणि तीन वर्षांत रडली नव्हती तेवढी रडली, आणि रडता रडता बाईला शिव्या दिल्या. रांडेनं सूडसुद्धा धड घेऊ दिला नाही.

रविवारी देवराव आला. अंगावर कोळशाची काळी पूड, न्हाणीतून पाणी काळं वाहत होतं. जेवताना तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "त्या पोट्टीनं आपलं काय बिघडवलं? तिले सांगून टाक. अन् त्या बाईले मी टिप्परखाली घेतलं असतं, पण माह्या नोकरीत बसत नाई." मग जेवला. आणि पहिल्यांदाच वैजयंताला वाटलं, माफ करायची काही गरज नाही. कोणी सांगितलं की खरं बोलणं म्हणजे माफ करणं? खरं बोलूनही माणसाला चामडी लोळवता येते. तिनं ट्रंक उघडली आणि तळाची लांब वही काढली.

हळदीच्या दिवशी सकाळी ती आधी साक्षीकडे गेली. तिला आणि गिरजाबाईला मागच्या खोलीत नेऊन दार लावलं, आणि जे पाच दिवस गिळलं होतं ते एका दमात सांगून टाकलं, विक्कीच्या शीशीसकट. गिरजाबाईनं दाराची कडी पुन्हा तपासली. साक्षीनं डब्यातून आपलं पिवळं कार्ड काढलं, मेंदीच्या हातात धरून थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मावशी, त्याचं पक्कं करून या. मंग मी अन् तो ठरवू. दुसऱ्या कोणी ठरवाचं नाई." आठवडाभर वैजयंतानं या पोरीला काय समजलं होतं, देव जाणे. तिथून ती केंद्रावर गेली, शिबिरासाठी आलेल्या सामानातून दोन शीश्या, सुई, कापूस घेतला. सगळ्यांत शेवटी पर्समध्ये पत्रिका ठेवली.

पंचशीलाबाईंचा मांडव गच्च भरला होता. डीजेवर भीमगीतं लागली होती, बायका पिवळ्या साड्यांत, पाटावर विक्की, उघडा, गालाला-छातीला हळद. बाई स्वतः पुढं आल्या, हसत. "आली का व तू! ये, लाव हळद." वैजयंता म्हणाली, "हळद मागून. आधी बोट पाह्यजे त्याचं." आणि पाटाजवळ बसून तिनं कापूस काढला. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, पण डोळे बदलले. त्यांनी खाली वाकून कानाशी म्हटलं, "आत चाल, वैजू. आत बोलू." बारा वर्षं वैजयंता स्वतःच नव्या आशांना सांगत आली होती, रुग्णाची गोष्ट चारचौघांत बोलायची नाही. तिला ते आठवलं. आणि तिला तो हॉलही आठवला, आणि वाचून दाखवलेला कागद, आणि सगळ्यांपुढं उभी केलेली आपण. "आत नाई बाई. इथीच," ती म्हणाली. कोणीतरी डीजे बंद केला. "हे काय नाटक लावलं हिनं? पोरगी गेल्यापासून डोकं फिरलं हिचं," बाई मांडवाकडे पाहत म्हणाल्या, आणि आवाज चिरकला. विक्की एकदा आईकडे, एकदा वैजयंताकडे पाहत होता. तो वाईट पोरगा नव्हता. दिव्यानीच्या मातीला तोच खांदा द्यायला आला होता. "मावशी, काय हाय?" "साक्षीनं धाडलं मले. तिचं कार्ड पिवळं हाय. तुह्यं पाहाचं हाय." त्यानं हळदीचं बोट धोतराला पुसलं आणि पुढं केलं. "टोचा."

पाच मिनिटं. मांडवात कोणी हललं नाही. एक म्हातारी तेवढी 'काय होऊन राह्यलं व' म्हणून विचारत राहिली. वैजयंता शीशी हातात धरून बसली होती आणि तिच्या बोटांना शीशीतलं पाणी बदलताना जाणवत होतं, असं तिला वाटलं. मग तिनं पत्रिका उघडून शीशीच्या मागं धरली आणि विक्कीसमोर नेली. "वाच." त्यानं मान वाकडी केली, जवळ गेला. "आयुष्मती…" हा शब्द शीशीच्या बाहेर होता. पुढचं नाव शीशीच्या मागं होतं. त्यानं डोळे बारीक केले. "साक्षीचं नाव नाई दिसून राह्यलं," तो म्हणाला. "पावडर जुनी असंन," मागून पंचशीलाबाईंचा आवाज आला. अकरा वर्षं, आणि शब्दही बदलला नव्हता. वैजयंतानं मागं वळून पाहिलंही नाही. तिनं शीशीवरची चिठ्ठी विक्कीपुढं केली. "तारीख वाच, बाबू." त्यानं वाचली. मागच्याच महिन्यातली होती. विक्की हळूहळू आईकडे वळला. "आई, तुले मालूम होतं?" बाई एकदम खाली बसल्या, मांडवाच्या बल्लीला धरून. "होतं. मंग काय करू? लोक कार्ड पाह्यतात अन् पोट्ट्याले रोगी म्हणतात. कोणी पोरगी देल्ली असती का तुले?" विक्की उठला. तसाच उघड्या अंगानं, हळदीनं माखलेला, त्यानं गाडीची किल्ली घेतली. "मी साक्षीकडे जाऊन राह्यलो. आमचं आम्ही पाहून घेऊ," म्हणाला आणि गेला. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. मग बायका कुजबुजायला लागल्या, आणि एकेक करून मांडवातून उठायला लागल्या.

वैजयंतानं पिशवीतून वही काढली आणि पंचशीलाबाईंच्या मांडीवर उघडून ठेवली. पानं पिवळी पडली होती, कडा वाळवीनं खाल्लेल्या. "चौदा नंबर कोरा हाय बाई. भरा." बाई वहीकडे पाहत राहिल्या. तेरा नंबरवर वैजयंताच्या अक्षरात दिव्यानी होती, वय सात. "मी नाई लिहीत." "लिहा. सही घेतल्याशिवाय तुम्ही कोणाले सोडत नव्हत्या. मी पण बसली हाय." आणि ती खरंच समोर मांडी घालून बसली. मग बाईंनी कमरेची पर्स उघडली, आत चाचपडल्या आणि पेन काढला. निळ्या टोपणाचा. टोपण दातांनी चावलेलं. त्यांना ते माहीतही नव्हतं. त्यांनी लिहिलं, तेच गोल अक्षर, पण ओळीवरून घसरणारं. विक्की. वय सोळा. निकाल, गढूळ. आणि थांबल्या. "शेरा राह्यला," वैजयंता म्हणाली. "काय लिहू?" "दिरंगाई. अकरा वर्षं." बाईंनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हळदीचा एक ओघळ गालावर आला होता, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्या वैजयंताकडे खालून पाहत होत्या. हेच पाहायला तर ती आली होती. तिनं ते डोळे भरून पाहिलं. बाईंनी तो शब्द लिहिला, पुढं आकडा लिहिला, आणि वही लोटून दिली. शाई ओली होती म्हणून वैजयंतानं ती मिटली नाही.

"झालं आता समाधान तुह्यं?" पंचशीलाबाईंनी विचारलं.

वैजयंतानं खरंच आत शोधून पाहिलं.

"नाई," ती म्हणाली. मग हात पुढं केला. "पेन द्या माहा."